गप्पीचे पिल्लू : नर की मादी?

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने माशांवर लेख का लिहावा, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर असे की, माशांविषयीच्या एका साध्या प्रश्नात मी सपशेल चुकलो, आणि त्या चुकीचे मूळ माझ्याच विषयात निघाले.

माझा भाचा तेव्हा आठवीत होता. त्याच्याकडे पंचवीस लिटर पाणी मावेल एवढी काचेची टाकी होती. आमच्या घरच्या टाकीतील एका गप्पी मादीने पिल्ले दिली होती आणि ती चार आठवड्यांची झाली होती. भाच्याला ती हवी होती. बहिणीने मात्र बजावले, "दादा, मासे दे, पण त्यांना पुढे पिल्ले नकोत. टाकी एवढीच आहे." मी म्हटले, "त्यात काय, सगळे नरच देतो." मग जॅमच्या बाटलीत एकेक पिल्लू घेऊन, बाटली दिव्यासमोर धरून, मी आठ नर निवडले आणि त्याच्या स्वाधीन केले. ही गोष्ट डिसेंबरातली.

एप्रिलमध्ये भाच्याचा दूरध्वनी आला, "मामा, नरांना पिल्ले झाली!"

आठ 'नरां'पैकी तीन माद्या निघाल्या. दुसरी टाकी आणून देतो असे मी त्याला सांगितले. पण परीक्षांच्या गडबडीत ते राहून गेले. मे महिन्याच्या अखेरीस त्या टाकीत साठाच्या वर मासे झाले होते. एका रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला आणि सकाळी बावीस मासे पाण्यावर तरंगत होते. भाचा रागावला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, तू सगळे नर आहेत म्हणाला होतास." ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

मासे का मेले?

प्रथम याचा उलगडा करू. मासे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतात. पाणी जितके गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. हवेशी नीट संपर्क असलेल्या १ लिटर गोड्या पाण्यात २० अंश सेल्सियसला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो. ३० अंशाला तो सुमारे ७.६ मिलिग्रॅम उरतो. दुसरीकडे माशाच्या शरीरातील व्यवहार उष्णतेने वेगवान होतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्याची ऑक्सिजनची गरज साधारणपणे दुप्पट होते. म्हणजे जमा कमी आणि खर्च दुप्पट! आठ माशांच्या टाकीत पंप बंद पडला असता, तर पाण्याच्या पृष्ठभागातून शिरणारा ऑक्सिजन कदाचित पुरला असता. साठ माशांना तो पुरला नाही. चूक डिसेंबरात झाली आणि तिची किंमत मे महिन्यात द्यावी लागली.

गप्पी म्हणजे कोण?

गप्पी या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि त्रिनिदाद बेटावर हा मासा मूळचा राहतो. इ. स. १८५९ मध्ये पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातील काराकास येथील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. पुढे त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या निसर्ग-अभ्यासकाने त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली तेथील गुंथर या शास्त्रज्ञाने माशाला त्यांचे नाव दिले. शास्त्रीय नावाचा मान पीटर्स यांच्याकडे गेला, तरी बोलण्यात 'गप्पी' राहिले ते राहिलेच. आज त्याचे शास्त्रीय नाव पोइसिलिया रेटिक्युलाटा असे आहे. महाराष्ट्रात विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी सोडतात, हे तुम्ही पाहिले असेल.

हा मासा अंडी घालत नाही. अंडी मादीच्या पोटातच वाढतात आणि सुमारे चार आठवड्यांनी ६ ते ८ मि.मी. लांबीची, पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदा नराशी संबंध आला की मादी त्याचे शुक्राणू आपल्या शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते आणि पुन्हा नर भेटला नाही तरी ती एकामागून एक पिल्लांच्या खेपा देऊ शकते. म्हणून नर-मादी वेगळे करायचे, तर ते वयात येण्यापूर्वीच करावे लागतात. मोठी मादी नंतर वेगळी काढून काही उपयोग नाही. पिल्लांतील नर-मादी ओळखण्याला महत्त्व आहे ते यामुळे.

ठरते केव्हा आणि दिसते केव्हा?

गप्पीचे लिंग माणसाप्रमाणेच गुणसूत्रांवर ठरते. मादीत दोन एक्स आणि नरात एक एक्स व एक वाय अशी जोडी असते. डेन्मार्कचे योहान्नेस श्मिट, म्हणजे ज्यांनी ईल माशांचे जन्मस्थान अटलांटिक महासागरातील सार्गासो समुद्रात असल्याचे दाखवून दिले तेच, यांनी १९२० साली गप्पींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही नरांच्या पाठीवरील परावर एक काळा ठिपका होता. तो ठिपका बापाकडून सगळ्या मुलांना मिळत होता. मुलींच्या अंगावर दिसत नव्हता आणि मुलींमार्फत नातवंडांतही उतरत नव्हता. त्यांचेच देशबांधव विंगे यांनी हे काम पुढे नेले. हा ठिपका वाय गुणसूत्राबरोबर प्रवास करतो, हे त्यातून स्पष्ट झाले. कुठलाही गुण वाय गुणसूत्रावरून पुढे जातो हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या उदाहरणांत या एवढ्याशा माशाची गणना होते.

म्हणजे पिल्लू नर की मादी, हे फलनाच्या क्षणीच ठरलेले असते. पण आपल्याला ते दिसत नाही. बाहेरच्या खुणा उमटायला संप्रेरके लागतात आणि संप्रेरकांचे काम सुरू व्हायला काही आठवडे जावे लागतात. 'ठरणे' आणि 'दिसणे' यांमधला हा जो काळ, त्यातच आपली सारी अडचण आहे.

तीन खुणा

मोठ्या गप्पीत शंकेला जागाच नसते. नर लहान, सडपातळ आणि रंगीत. मादी त्याच्यापेक्षा बरीच मोठी, पोटाने फुगीर आणि बहुधा फिकट. पिल्ले मात्र सगळी सारखीच, करड्या रंगाची. त्यांच्यात पुढील तीन खुणा शोधाव्या लागतात.

पहिली खूण गुदपराची. माशाच्या पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे, गुदद्वाराच्या लगेच मागे एकच पर असतो, तो गुदपर. जन्मतः दोघांचाही गुदपर लहान पंख्यासारखा असतो. मादीत तो तसाच राहतो. नरात साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्याचे तिसरे, चौथे आणि पाचवे काटे जाड व लांब होऊ लागतात, पर अरुंद होतो आणि शेवटी मागे वळलेल्या बारीक काडीसारखा दिसतो. या काडीला गोनोपोडियम म्हणतात. शुक्राणू मादीच्या शरीरात पोचवण्याचे काम तिच्याकडे असते. हा बदल एकाच दिशेने होतो. काडीचा पुन्हा पंखा होत नाही.

दुसरी खूण पोटावरच्या डागाची. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला, गुदपराच्या किंचित वर, एक गडद डाग दिसू लागतो. आतल्या बाजूला अंडाशयाभोवती जे काळसर अस्तर असते, ते अंगाच्या पातळ भिंतीतून दिसते. पिल्ले वाढू लागली की डाग मोठा होतो. कोवळ्या मादीत तो लवकर दिसू शकतो. परंतु भरल्या पोटाची सावलीही तशीच दिसते, म्हणून पाहणी खाणे देण्यापूर्वी करावी. रंगद्रव्य नसलेल्या पांढऱ्या जातीत हा डाग काळा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी खूण रंगाची आणि वाढीची. नराच्या अंगावर आणि शेपटीवर रंगाचे ठिपके उमटू लागतात. तो वयात आला की त्याची लांबी वाढणे जवळजवळ थांबते. मादी मात्र पुढेही वाढत राहते. लांबीचा आलेख काढला तर दोन रेषा हळूहळू एकमेकींपासून दूर जाताना दिसतात. ही खूण खात्रीची, पण सर्वांत उशिराची.

बाटलीने केलेली फसवणूक

आता माझ्या चुकीकडे येतो. जॅमची बाटली गोल असते. पाण्याने भरलेली गोल बाटली म्हणजे एक भिंगच. पण हे भिंग फक्त आडव्या दिशेने काम करते, कारण बाटलीची भिंत आडव्या दिशेत वक्र आणि उभ्या दिशेत सरळ असते. पाण्याचा वक्रीभवनांक सुमारे १.३३, म्हणजे चार-तृतीयांश. त्यामुळे बाटलीच्या बरोबर मध्यभागी असलेली वस्तू आडवी चार-तृतीयांश पट मोठी दिसते. उंची मात्र होती तेवढीच राहते. १५ मि.मी. लांबीचे पिल्लू २० मि.मी. दिसते, आणि जाडी तीच! फुगीर पोटाचे पिल्लू सडपातळ भासते.

गुदपराचे काय होते पाहा. त्याची एक कड खाली ४५ अंशांच्या उताराने गेलेली आहे असे समजू. म्हणजे ३ मि.मी. मागे आणि ३ मि.मी. खाली. बाटलीतून ती ४ मि.मी. मागे आणि ३ मि.मी. खाली दिसेल. तीन-चार-पाच बाजूंचा काटकोन त्रिकोण तुम्हांला ठाऊकच आहे. त्यातला हा कोन सुमारे ३७ अंशांचा. म्हणजे साधा पंख्यासारखा पर लांबट आणि मागे झुकलेला दिसला, आणि मी त्याला नर होण्याची सुरुवात समजलो!

खात्री करायची असेल तर एक नाणे दोऱ्याला बांधून पाण्याने भरलेल्या गोल बाटलीच्या मध्यभागी लोंबकळत सोडा. वाटोळे नाणे आडवे, लंबगोल दिसेल. वर्गात गोल पृष्ठभागावरील वक्रीभवन वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला घरची बाटली हातात घेतल्यावर ते आठवले नाही! म्हणून पाहणी नेहमी सपाट भिंतीच्या पारदर्शक डब्यात करावी. डबा इतका अरुंद असावा की मासा आपल्याला बाजूनेच दिसेल. मागून पांढऱ्या कागदातून उजेड येऊ द्यावा आणि हातात भिंग घ्यावे.

'दिसत नाही' म्हणजे 'नाही' नव्हे

यापेक्षा मोठी चूक विचारातली असते, आणि ती पुष्कळजण करतात. पाच आठवड्यांच्या पिल्लाचा गुदपर अजून पंख्यासारखा आहे, म्हणून ते मादी असे आपण म्हणून टाकतो. पण ते उशिरा वयात येणारा नरही असू शकते. थंड पाणी, अपुरे अन्न किंवा गर्दी यांमुळे पिल्लांची वाढ रखडते. काडी दिसली तर नर, हे ठीक. पण काडी दिसली नाही म्हणजे मादी, हे बरोबर नाही. मादी म्हणायला मादीची स्वतःची खूण, म्हणजे डाग, दिसली पाहिजे.

यासाठी वहीत दोन रकाने न करता तीन करावेत : 'नर', 'मादी' आणि 'अजून ठरत नाही'. तिसरा रकाना भरायला आपल्याला संकोच वाटतो. परीक्षेत कोरे सोडले तर गुण जातात ना! पण मोजमाप करणाऱ्याला तो रकाना लागतोच. पट्टीवर मिलिमीटरपर्यंतच्या रेषा असताना कोणी मिलिमीटरचा शंभरावा भाग लिहून आणला, तर त्याला आपण चूक म्हणतो, ते याच कारणाने.

तुम्ही करून पाहा

एका खेपेतील दहा पिल्ले घ्या. सपाट भिंतीचे दहा मोठे डबे घेऊन त्यांवर १ ते १० क्रमांक घाला आणि प्रत्येकात एकच पिल्लू ठेवा. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरा. रोज थोडे पाणी बदला. झाकण जाळीचे असू द्या. खाणे चिमूटभरच, पण दिवसातून दोन-तीनदा द्या. दर रविवारी दोघा मित्रांनी, एकमेकांची वही न पाहता, प्रत्येक पिल्लाविषयी आपला निर्णय लिहावा. बारा आठवड्यांनी खरे उत्तर माशाच्या अंगावर उमटलेले असेल. मग मागची पाने उघडून कोणत्या आठवड्यात किती निर्णय बरोबर होते ते मोजा.

समजा, दुसऱ्या आठवड्यात एकाचे दहापैकी सात अंदाज बरोबर आले. त्याला पिल्ले ओळखता येतात का? घाई करू नका. नाणे उडवून छाप आला तर नर आणि काटा आला तर मादी म्हटले, तरी सात किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे सुमारे १७ टक्के असते. सहा मुलांनी नाणी उडवली तर त्यांतला एखादा 'तज्ज्ञ' ठरायचाच! दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता मात्र १०२४ पैकी ११, म्हणजे जेमतेम १ टक्का. तेवढे गुण मिळाले तर पद्धतीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणखी एक सापळा आहे. खेपेत सात माद्या आणि तीन नर असले, तर डोळे मिटून सगळ्यांना 'मादी' म्हणणाऱ्यालाही दहापैकी सात गुण मिळतात. म्हणून 'खऱ्या नरांपैकी किती ओळखले' आणि 'खऱ्या माद्यांपैकी किती ओळखल्या' हे वेगवेगळे मोजा. शिक्षकांना सुचवावेसे वाटते की, वर्गात दोन-तीन गट करून हा प्रयोग केल्यास जीवशास्त्र, वक्रीभवन आणि संभाव्यता असे तीन पाठ एकाच वेळी होतील.

प्रयोग संपल्यावर मासे नदीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. गप्पी आपल्याकडचा नाही. तो झपाट्याने वाढतो आणि स्थानिक माशांच्या अन्नात व जागेत वाटेकरी होतो. नर एका टाकीत, माद्या दुसऱ्या टाकीत ठेवा. वेळेवर ओळखले असेल तर पुढे पिल्ले होणार नाहीत.

सगळेच मासे गप्पी नसतात

हे नियम सर्व माशांना लावू नयेत. एंजल माशात नर-मादी पूर्ण वाढल्यावरही सहजी ओळखता येत नाहीत. अंडी घालण्याच्या वेळी त्यांची जोडी दिसते तेव्हाच खात्री होते. नारिंगी-पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशात तर प्रश्नच बदलतो. त्यांच्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो. ती गेली की तिच्या जोडीचा नर मादी बनतो. त्याच्या पिल्लाला पाहून 'ही पुढे मादी होईल' असे कोण सांगणार? अटलांटिकच्या किनाऱ्यावरील सिल्व्हरसाइड माशात पिल्लू कोणत्या तापमानात वाढते यावरही लिंग ठरते, असे १९८१ साली कॉनोव्हर आणि काइनार्ड यांनी दाखवले.

गुदपराची खूणही पाण्याच्या शुद्धतेवर अवलंबून असते. गप्पीचा एक नातेवाईक म्हणजे गॅम्बुसिया. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एका ओढ्यातील गॅम्बुसियांविषयी शास्त्रज्ञांनी चकित करणारी नोंद प्रसिद्ध केली. त्या ओढ्यात कागदाच्या कारखान्याचे सांडपाणी येत होते आणि त्यातल्या माद्यांचे गुदपर नरासारखे काडीच्या आकाराचे झाले होते. सांडपाण्याचा परिणाम नर-संप्रेरकासारखा होत होता. आपण पिल्लाचे लिंग शोधायला जो पर पाहतो, त्याच पराने तिथे पाण्याची तक्रार नोंदवली!

त्या मे महिन्यानंतर भाच्याने उरलेल्या माशांतील नर आणि माद्या दोन टाक्यांत वेगळ्या केल्या. दुसरी टाकी मी दिली, उशिरा का होईना. पिल्ले त्याने स्वतः तपासली, सपाट डब्यात, भिंग घेऊन. मला त्याने हात लावू दिला नाही. त्याच्या वहीचे पहिले पान मी पाहिले. पहिल्या रविवारी सगळी पिल्ले त्याने एकाच रकान्यात लिहिली होती, 'अजून ठरत नाही'. आठ पिल्लांविषयी डिसेंबरात मी एवढेच म्हणालो असतो, तर बरे झाले असते.